तपेलीच्या आतलं नाव

“हितं एक नाव हुतं,” म्हातारी म्हणाली. पदराआडून तिनं एक तपेली काढली आणि माझ्यासमोर पाटावर ठेवली. “तेवढं परत घालून दे, बाबा.”

मी तपेली हातात घेतली. पितळेची, पातळ पत्र्याची, शेरभर दूध मावेल एवढी. काठाखाली ‘सौ. लक्ष्मी’ असं टिंबाटिंबांनी घातलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी तीन बोटं रुंदीचा पट्टा कुणीतरी कानस मारून गुळगुळीत केला होता.

“कोणतं नाव घालू?”

“ते मला घ्येता येत न्हाई.”

“मग लिहून दाखवा.”

“लिवता येत न्हाई.”

“अहो आजी, तुम्ही सांगणार नाही, लिहिणार नाही. मग मी घालू काय, माझं कपाळ?”

“तेच तर तुला हुडकायचंय,” ती शांतपणे म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर ऐसपैस बसली. “दोन दुकानं फिरून आले. ते मशीनवाले हसले. तू हातोडीवाला हाईस असं कळलं म्हणून आले.”

एरवी मी हात जोडून तिला वाटेला लावली असती. माझा स्वभाव काही फार गोड नाही, घरचे सांगतीलच. पण गेले दहा दिवस मी स्वतःच एक नाव हुडकत होतो आणि ते मला मिळत नव्हतं. दुसऱ्या कुणाचं नाव हरवलंय म्हटल्यावर मला त्या दिवशी हसू आलं नाही.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बार्शीच्या भांडे गल्लीत अंदुऱ्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं घालायचो. वडील तेच करायचे, त्यांच्या हातोडी-छिन्नीवर मी तेच करत होतो. गल्लीत विजेची मशीनं आली होती, किर्रर्र करून दोन मिनिटांत नाव व्हायचं. माझ्याकडे टकटक करत दहा मिनिटं लागायची. पण माझं नाव नातवंडांच्या हाताला लागायचं आणि मशीनचं चार दिवाळ्यांत पुसायचं. हे मी गिऱ्हाइकाला सांगायचो आणि गिऱ्हाईक मशीनकडे जायचं.

दुकानात जुनी भांडी मोडीत यायची. वडिलांनी मला एक सवय लावलेली. मोडीत आलेल्या भांड्यावर नाव असेल, तर ते एकदा मोठ्यानं वाचायचं, मगच भांडं पोत्यात टाकायचं. “भट्टीत जायच्या आधी एकदा तरी कुणी हाक मारावी,” म्हणायचे. त्यापलीकडे त्यांनी कधी काही समजावलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी वाचायचो.

असंच एकदा एक मोठं घंगाळ आलं. त्यावर नाव होतं ‘गोदावरी’. मी वाचलं आणि त्याच क्षणाला अंदुरे शेठजींनी आतून हाक मारली, दवाखान्यातून फोन आलाय, मुलगी झाली. झालं, पोरीचं नाव गोदावरी. दोन वर्षांनी दुसरीच्या वेळी एका परातीवर ‘द्वारका’ निघालं. त्या काळात घरोघरी सायल्या आणि श्रुतिका जन्माला येत होत्या. सरकारी दवाखान्यात नर्सनं ‘गोदावरी दामोदर’ असा पुकारा केला की बाकावरच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायच्या, आणि तीन वर्षांचं हे एवढंसं उठून उभं राहायचं. माझ्या बायकोला, मंदाला, आधी लाज वाटली. मग गोडी लागली. नंतर तर ती अभिमानानं सांगायची, आमच्या पोरींची नावं भट्टीतून ओढून काढलेली आहेत.

मग तिसरी झाली. तिसरीही मुलगीच.

माझी थोरली बहीण शकूताई कुर्डुवाडीहून आली. आत्या तीच. पाळण्यात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा, पहिल्या दोघींची नावंही तिनंच कानात सांगितलेली. ती बाळाला बघून म्हणाली, “छान आहे गं. हिचं नाव तृप्ती ठेवू. देवाला कळेल, आता पोट भरलं म्हणून.”

ताई पाणी आणायला गेली तेव्हा मंदा माझा हात धरून म्हणाली, “अहो, माझ्या पोरीचं नाव ‘पुरे’ असं ठेवू देणार नाही मी.”

“तृप्ती म्हणाली गं ती. चांगलं नाव आहे.”

“दुसऱ्या कुणाच्या पोरीला चांगलं आहे. हिला हाक मारली की दर वेळी ‘आता बास’ असंच म्हटल्यासारखं होईल. थोरल्या दोघींना जसं नाव मिळालं तसंच हिला पाहिजे. त्यांच्या पंगतीत बसणारं. ही काही शेवटचा उरलेला घास नाही.”

मला एवढं बोलता आलं नसतं. मी नुसता बरं म्हणालो.

बारसं बाराव्या दिवशी. मी रोज मोडीचं पोतं उपसायचो. एरवी आठवड्याला चार-सहा बायका निघायच्या, सखू, वेणू, कोंडा. त्या दहा दिवसांत मेलं एक नाव धड निघेल तर शपथ. ‘रा. गो. कुलकर्णी’. ‘सातवीच्या तुकडीकडून गुरुजींना सप्रेम’. एका कळशीवर नुसतं ‘भाऊ’. आठव्या दिवशी एक बाई निघाली, ‘चिंधाबाई’. मी घरी जाऊन मंदाला घाबरत घाबरत सांगितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी ताटावर बसल्यावरही मान वर केली नाही.

तर दहाव्या दिवशी दुपारी ही म्हातारी माझ्या पायरीवर येऊन बसलेली.

“आजी, नाव का घेता येत नाही ते तरी सांगा,” मी विचारलं.

“माझ्या सासूचं हाय.”

“भांडं सासूबाईंचं?”

“भांडं माझं. माझ्या आईनं दिलंय, लगनात. नाव माझं. आन तेच नाव सासूचं.” ती थांबली. मग मला समजत नाही असं बघून सावकाश सांगू लागली. “मी परकर नेसत हुते तवा लगीन झालं, सत्तर वरसं झाली त्याला. सासरी गेले तर सासूचंबी त्येच नाव. एका घरात दोन कशा चालतील? नवरा बायकुला आईच्या नावानं हाक मारनार का? मग ताटात तांदूळ पसरून मला लक्षुमी केली. आन भांड्यावरचं बी कानशीनं घासलं आन लक्षुमी घातलं. सासू वाईट न्हवती हां. लई माया केली तिनं. पर सासूचं नाव सुनंनं तोंडानं घ्यायचं नसतं. मग माझंच नाव मला घेता येईना झालं.”

“उखाण्यात घ्या,” मी आपलं म्हणालो.

“उखान्यात नवऱ्याचं घ्येत्यात. सासूचं कोन घ्येतंय?”

“घरात कुणाला तरी माहीत असेल की.”

“सासूला समदं गाव ‘थोरली’ म्हनायचं. तिला जाऊन पन्नास वरसं झाली. माझं म्हायेर तर कवाच आटपलं. आता ते नाव ठाऊक असनारी मी यकटीच उरले, आन मला ते घ्येता येत न्हाई.”

“पण आता सासूबाई नाहीत ना. आता घेतलं तर कोण काय म्हणणार आहे?”

“जीभ उचलत न्हाई, बाबा,” ती म्हणाली. “किती येळा रानात जाऊन बगितलं. यकटी असताना बी उचलत न्हाई.”

तिची समजूत घालावी आणि परत पाठवावी असं मनात आलं. घासलेल्या जागेवर मी भिंगातून पाहिलं. कानस मारणारानं काम चोख केलं होतं, एक टिंब शिल्लक नव्हतं. तिला तसं सांगण्यासाठी मी तपेली डाव्या हातात घेतली. नाव घालणाऱ्याला एक खोड असते. भांडं हातात आलं की डाव्या हाताची बोटं आपोआप आतून जातात, बाहेरून छिन्नी बसेल तिथं आतून आधार द्यायला. मशीनवाले असं करत नाहीत, त्यांचं भांडं चिमट्यात असतं. माझी बोटं आतून त्या पट्ट्याच्या मागे गेली आणि तिथं मोहरीएवढे बारीक बारीक फुगवटे हाताला लागले.

मी बोट फिरवलं. एक ओळ. मग वळण. मग परत ओळ.

पातळ पत्र्यावर हातानं नाव घातलं की टिंब आतल्या बाजूला उठतं. हे मी रोज बघत होतो. बाहेरून कानशीनं घासलं तर खळगे जातात, पण आतले फुगवटे कोण घासतंय? तरी सत्तर वर्षांच्या चिंच-राखेनं ते केव्हाच जायला हवे होते. मी आत डोकावलं. बाकी तपेली आतून घासून घासून झिजलेली, आणि तेवढीच जागा काळसर.

“आजी, ही तपेली आतून घासत नाही का तुम्ही?”

“घासते की. तेवढ्या जागंला काथ्या लावत न्हाई. तिथं बोटानंच धुती.”

“का?”

“हाताला लागतंय काईतरी,” ती म्हणाली. “काय ते मला कळत न्हाई. पर ऱ्हावावं असं वाटायचं.”

सत्तर वर्षं, दिवसातून दोन वेळा, भांडी घासताना ही बाई स्वतःच्या नावावरून बोट फिरवत होती आणि तिला अक्षर येत नव्हतं.

छिन्नीला लावायला माझ्याकडे मेणाचा गोळा असायचा. उन्हानं तो मऊच झालेला. मी तो मळला, चपटा केला, आणि तपेलीच्या आतून त्या जागेवर अंगठ्यानं दाबला. आतून अक्षरं उलटी असतात, मेणावर उठली की सुलटी होतात. मी हळूच मेण सोडवून उजेडात धरलं. पहिलं अक्षर स्पष्ट होतं, दुसरं अर्धं, तिसरं पुन्हा स्पष्ट. जुन्या वळणाची, अंमळ कलती अक्षरं. कोणत्या माणसानं घातली असतील कोण जाणे. मी जन्मायच्या कितीतरी आधी तो आपलं काम करून गेला होता.

आणि सवयीनं, मोडीतलं वाचावं तसं, मी मोठ्यानं वाचलं.

“भिवरा.”

म्हातारीनं झटकन पदर डोक्यावर पुढे ओढला आणि मान खाली घातली. सासूचं नाव कानावर पडल्यावर सुनेनं करावं तसं. मग तशीच बसून राहिली. पदराखाली तिचे खांदे हलत होते. गल्लीत हातगाडीवाला घंटी वाजवत गेला. समोरचा मशीनवाला माझ्याकडे बघून खुणेनं विचारत होता, काय झालं? मी त्याला हातानंच गप्प केलं.

“हेच ना, आजी?”

पदर खालीवर हलला.

मला खरं सांगायचं तर तेव्हा तिच्याआधी माझ्या पोरीचाच विचार मनात आला. गोदावरी, द्वारका, भिवरा. आमच्या मुलखात भीमेला भिवरा म्हणतात, आणि माझ्या लहानपणी गल्लीत दोन-तीन तरी भिवराबाया होत्या. कुठं गेल्या त्या सगळ्या? दहा दिवस पोतं उपसून जे मिळालं नाही ते माझ्यासमोर मेणावर उमटलं होतं, आणि त्याची मालकीण पायरीवर बसलेली होती.

“आजी, नाव घालून देतो. पण तुम्हाला ते हवंय कशाला, एवढ्या वर्षांनी?”

तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले. “मी आता जायला झाले. वर गेले म्हंजी आई हाक मारील. तिला लक्षुमी काय ठाऊक? ती आपली जुन्याच नावानं मारील. आन मला त्या नावाची सवय ऱ्हायली न्हाई. मी ओ दिली न्हाई तर तिला वाटंल ही न्हवंच, आन ती तशीच फुडं जाईल.” मग म्हणाली, “भांड्यावर असलं म्हंजी रोज कुनाकडनं तरी वाचून घीन. कानाला सवय हुईल.”

मी छिन्नी पुसली. मग विचारलंच. “परवा माझ्या तिसऱ्या पोरीचं बारसं आहे. हे नाव तिला ठेवलं तर तुम्हाला चालेल का?”

“माझ्या नावाला नशीब न्हाई, बाबा. घातलं तसं पुसलं.”

“पुसलं कुठं? आतून आहे की.”

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. “थोरल्या दोगींची काय हायती?”

“गोदावरी. आणि द्वारका.”

“गोदावरी,” ती म्हणाली. “द्वारका.” मग तिचे ओठ तिसऱ्यांदा हलले. आवाज आला नाही. पुन्हा तिनं पहिल्यापासून सुरू केलं, गोदावरी, द्वारका, आणि ओठ हलले. भांड्याला झाकण लावून बघावं तसं चाललं होतं तिचं. शेवटी म्हणाली, “बसतंय.”

मग मी नाव घातलं. आतून बोटानं एकेक फुगवटा चाचपायचा आणि बाहेरून नेमकी त्यावर छिन्नी धरायची. मी माझं वळण वापरलं नाही. त्या जुन्या माणसानं जिथं टिंब दिलं होतं तिथंच दिलं. तीन अक्षरांना मला तासभर लागला. आयुष्यात हजारो नावं घातली असतील, पण एकेक टिंब दोनदा चाचपून घातलं ते तेवढंच एकदा. म्हातारी एकेक ठोका ऐकत बसली होती. झाल्यावर तिनं बाहेरून बोट फिरवलं, मग आतून.

“परवा चार वाजता या,” मी म्हणालो. “तुमच्या वैरागहून येणाऱ्या गाडीनं या, मी स्टँडवर येतो.”

घरी मंदाला सगळं सांगितलं. ती पोरीला पाजत होती. तिनं नाव एकदा मनात म्हणून पाहिलं, मग बाळाकडे बघून हळूच म्हणाली, “भिवरा.” आणि तोंड फिरवून रडली. म्हणजे पसंत.

शकूताई मात्र फुगली. “दामू, आत्या मी आहे. नाव मी ठेवायचं. दोन वेळा तुझं ऐकलं, पाळण्यापाशी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासरी मला विचारतात, भावाच्या घरी सगळ्या म्हाताऱ्याच जन्माला येतात का. या खेपेला मी ऐकायची नाही. कानात मी तृप्तीच सांगणार.”

आणि आत्यानं कानात सांगितलं की ते पक्कं. आमच्याकडे त्यावर कुणाचं काही चालत नाही, बापाचंही नाही.

इथं एक सांगायचं राहिलं. शकूताईचं सासरचं नाव नलिनी आहे. शकुंतला त्यांना जुनाट वाटलं. तिच्या रुखवताच्या सव्वीस भांड्यांवर ‘सौ. नलिनी’ मीच घातलं होतं. त्या दिवशी माझा हात भरून आला होता. दुसरं काही वाटल्याचं मला आठवत नाही.

बाराव्या दिवशी मी म्हातारीला स्टँडवरून आणलं. तिनं धुवट इरकली नेसली होती, बाळाला कुंची शिवून आणली होती, आणि तपेलीत बांधून घुगऱ्या. घरात पंचवीसएक बायका. पाळणा फुलांनी सजवलेला, पाळण्याखालून पलीकडे द्यायला वरवंट्याला बाळासारखं टोपडं घातलेलं. गोदावरी आणि द्वारका पाळण्याच्या दोरीसाठी भांडत होत्या. मी पुरुषमाणूस, दाराशी उभा.

“ह्या कोण?” ताईनं विचारलं.

मंदानं म्हातारीला पाटावर बसवलं, तपेलीतल्या घुगऱ्या परातीत काढून घेतल्या आणि रिकामी तपेली ताईच्या हातात दिली. “वन्सं, आतून हात लावून बघा.”

ताईनं हात घातला. “काय आहे?”

मंदानं तिला सांगितलं. हळू आवाजात, थोडक्यात. कानस, सासू, तांदूळ, काथ्या न लावलेली जागा. मी दारातून ताईचा चेहरा बघत होतो. तिची बोटं आतल्या आत फिरत होती, थांबत होती, परत फिरत होती. बायका खोळंबल्या, कुणीतरी म्हणालं, अगं चला की, मुहूर्त टळेल. ताईनं तपेली सोडली नाही.

ती तशीच माझ्यापर्यंत आली. “दामू, माझ्या भांड्यांवर तू नलिनी घातलंस, त्याच्या आधी काही होतं का रे त्यांच्यावर?”

“नाही ताई. कोरी होती.”

“म्हणजे आतूनही नलिनीच असणार,” ती म्हणाली.

तिनं तपेली माझ्या हातात दिली.

ताई पाळण्याकडे गेली. मला वाटलं, संपलं. ती वाकेल आणि कानात सांगेल. पण तिनं म्हातारीचा हात धरून तिला उठवलं आणि पाळण्यापाशी आणलं.

“आजी, तुम्ही सांगा कानात.”

बायकांत कुजबुज झाली. म्हातारी मागे सरली. “न्हाई गं बाई. मान तुझा हाय. आन मला ते घ्येता येत न्हाई.”

“मान माझा आहे म्हणूनच तुम्हाला देते. आणि नाव मोठ्यानं घ्यायचंच नाहीये,” ताई म्हणाली. “कानात तर सांगायचंय. हिच्याशिवाय कुणालाही ऐकू जाणार नाही.”

म्हातारी उभी राहिली. तिनं पाळण्याचा काठ दोन्ही हातांनी धरला. मग पदर सावरून ती हळूहळू वाकली, इतकी खाली की तिचं कपाळ बाळाच्या टोपड्याला टेकलं. खोलीत एवढ्या बायका, पण बांगडीसुद्धा वाजली नाही. मी दारातून तिचे ओठ बघत होतो. ते हलले, थांबले. पुन्हा हलले, पुन्हा थांबले. गळ्याची शीर वर आली. सत्तर वर्षं जी जीभ रानात एकटी असतानाही उचलली नव्हती, ती तिथं उचलताना मी पाहिली. आवाज आम्हाला आला नाही. बाळानं मात्र डोळे उघडले.

कानात सांगणाऱ्या आत्येच्या पाठीत बायका हसत बुक्के घालतात, अशी रीत आहे. त्या दिवशी एकेकीनं पुढे होऊन त्या वाकलेल्या पाठीवर नुसता तळहात टेकवला.

मग ताईनं डोळे पुसले आणि रीतीप्रमाणे मोठ्यानं विचारलं, “काय गं बायांनो, नाव काय ठेवलं?”

मंदानं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं असावं. पंचवीस बायकांनी एका आवाजात हाक मारली, “भिवरा.” माझ्या दोन्ही पोरी सगळ्यांत मोठ्यानं ओरडल्या.

“ओ,” म्हातारी म्हणाली.

तिचं तिलाच कळलं नसावं. पदर डोक्यावरून खाली आला होता आणि तिनं तो सावरला नाही. ती सरळ उभी राहून सगळ्यांकडे बघत होती. लहान मुलीला आईनं दारातून हाक मारावी आणि तिनं अंगणातून मान वर करावी, तशी.

“ओ,” ती पुन्हा म्हणाली. “हाय की मी. हितंच हाय.”

मंदानं पाळण्यातून पोर उचलली आणि तिच्या हातांत दिली.